लॅपटॉप सुरूच होत नाही : भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंतची तपासणी

"काल रात्रीपर्यंत नीट चालत होता, आज सकाळी सुरूच होत नाही" हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलासमोर मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कानावर पडताच माझा हात आता स्क्रू-ड्रायव्हरकडे जात नाही. मी आधी अडॅप्टर मागून घेतो. मेला म्हणून आणलेले बरेचसे लॅपटॉप मेलेले नसतात. त्यांच्यापर्यंत वीज पोहोचलेली नसते, किंवा पोहोचलेली वीज वाटेत कुठेतरी अडलेली असते. पोफळीच्या बागेत शेवटच्या आळ्यात पाणी आले नाही, तर जाणता माणूस ते आळे खणत बसत नाही. तो पाटाच्या मुखापासून चालत निघतो आणि पाणी कुठे फुटले ते बघतो. खाली दिलेला क्रम त्याच रीतीचा आहे. भिंतीपासून सुरुवात करावी आणि मदरबोर्डकडे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डकडे, सर्वांत शेवटी वळावे. फुकटात होणाऱ्या तपासण्याही सुदैवाने याच क्रमाने आधी येतात.

आधी लक्षण ओळखावे

"सुरू होत नाही" या एका तक्रारीत निदान पाच वेगळे बिघाड दडलेले असतात आणि प्रत्येकाचा माग वेगळ्या ठिकाणाहून काढावा लागतो. म्हणून बटण पुन्हापुन्हा दाबत राहण्याऐवजी खोलीतला पंखा बंद करावा, बटण एकदाच दाबावे, कान द्यावा, दिव्यांकडे पाहावे आणि पुढीलपैकी काय घडते ते कागदावर लिहून ठेवावे.

- चार्जर जोडलेला असूनही एकही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, काहीच आवाज येत नाही.
- चार्जिंगचा दिवा लागतो, पण बटण दाबल्यावर काहीही प्रतिसाद मिळत नाही.
- दिवा लागतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवाही चालू-बंद होतो, पण पडदा काळाच राहतो.
- लॅपटॉप दोन-तीन सेकंद सुरू होऊन बंद पडतो, आणि काही वेळा आपोआप हेच पुन्हापुन्हा करतो.
- अडॅप्टरवरचा दिवा एरवी लागलेला असतो, पण त्याची पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो विझतो.

शेवटचे लक्षण सहसा कोणी सांगत नाही, कारण त्याकडे लक्षच गेलेले नसते. मला मात्र या एका निरीक्षणाने अर्धा तास वाचवून दिलेला आहे. पिन घालताच दिवा विझणे याचा अर्थ असा की, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, म्हणजे वीज नको त्या आडवाटेने थेट वाहून जाते आहे, आणि अडॅप्टरने स्वतःला वाचवण्यासाठी वीज बंद केली आहे. हा शॉर्ट जॅकमध्ये असू शकतो किंवा मदरबोर्डवर. दोन्ही ठिकाणी घरगुती उपाय चालत नाही. असे दिसले तर पिन पुन्हापुन्हा घालून पाहू नये आणि या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जावे.

तीन प्रसंगी पुढचे काहीही करू नये

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, टचपॅड वर उचलले गेले असेल किंवा तळाचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगलेली आहे असे समजावे. ती दाबून बसवू नये, टोचू नये, चार्जरही लावू नये. यंत्र तसेच जाणकाराकडे न्यावे आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी. दुसरा प्रसंग जळका वास किंवा धूर, ज्याबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रसंग पाण्याचा, आणि कोकणात त्याबद्दल थोडे विस्ताराने बोलावे लागते. चहा सांडला, छपरातून ठिबकले किंवा पिशवीसकट लॅपटॉप पावसात भिजला, तरी लोक सर्वांत आधी "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबतात. नेमके तेच करू नये. नुसत्या पाण्याने होणाऱ्या बिघाडापेक्षा पाणी असताना वाहणाऱ्या विजेने होणारा बिघाड मोठा असतो, कारण ओल्या जागी वीज खेळत राहिली की तांब्याच्या बारीक रेघा काही तासांत गंजून हिरव्या पडतात. हल्लीच्या लॅपटॉपची बॅटरी आतच जोडलेली असल्यामुळे तो बंद दिसला तरी आतल्या काही भागांत वीज असतेच. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर आला, त्यानंतरच्या आठवड्यांत गाळाने भरलेले लॅपटॉप माझ्याकडे येत होते. ज्यांच्या मालकांनी त्यांना हात न लावता आणले होते, त्यांतल्या काहींमधून निदान माहिती तरी परत मिळाली, आणि ज्यांनी उन्हात वाळवून चार्जर लावून पाहिला होता, त्यांचे बोर्ड उघडल्यावर काळे पडलेले दिसत होते. लॅपटॉप भिजला तर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरून तो बंद करावा, चार्जर काढावा, तो अर्धवट उघडून तंबूसारखा पालथा ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर बॅटरी सुटी करून घ्यावी. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने चहातली साखर आणि दूध बाहेर येत नाही, फक्त पिठूळ धूळ आत जाते.

सॉकेट, बोर्ड आणि वायर

आपल्याकडे पुष्कळ घरांत ६ आणि १६ अँपिअरच्या दोन्ही पिना बसतील असे एकत्र सॉकेट लावलेले असते. त्यात अडॅप्टरची ६ अँपिअरची लहान पिन सैल बसते, वरून घट्ट दिसते आणि आत टेकत नाही. म्हणून पहिली तपासणी अशी : तोच अडॅप्टर भिंतीवरच्या दुसऱ्या, शक्यतो साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट लावावा. मधला एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड आणि इन्व्हर्टरची लाइन काही वेळापुरती वगळावी. सॉकेटमध्ये वीज आहे हे मोबाइलच्या चार्जरने किंवा टेबल लँपने तपासावे. टेस्टरचा दिवा लुकलुकला म्हणजे पुरेशी वीज आहे असे होत नाही, कारण ढिल्या सांध्यातूनही टेस्टर पेटतो.

त्यानंतर भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंत येणारी वायर पाहावी. तिचे ठोकळ्यात जाणारे टोक बहुधा तीन पाकळ्यांच्या आकाराचे असते आणि तेथेच ती सैल होते. ती काढून पुन्हा जोर देऊन बसवावी, आणि शेजाऱ्याकडे तशीच वायर असेल तर बदलून पाहावी. ही वायर स्वस्तात मिळते. तिच्यामुळे बंद पडलेला अडॅप्टर बदलायला सांगितला गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

अडॅप्टर : इथे वेळ घालवावा

बहुसंख्य निर्जीव लॅपटॉपचा उलगडा माझ्या अनुभवात याच टप्प्यावर होतो, त्यामुळे इथे घाई करू नये. ठोकळ्यावरचे लेबल आधी वाचावे. जुन्या गोल पिनेच्या लॅपटॉपना साधारणतः १९, १९.५ किंवा २० व्होल्ट लागतात. साध्या कामाच्या यंत्रांना ४५ किंवा ६५ वॉट पुरतात, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्यांना १३५, १८० किंवा २३० वॉटही लागतात. व्होल्टेज जुळले पाहिजे, आणि वॉट मूळ अडॅप्टरइतके किंवा त्याहून जास्त असले पाहिजेत. वॉट जास्त असल्याने नुकसान होत नाही, कारण लॅपटॉप लागते तेवढीच वीज ओढतो. कमी वॉटच्या अडॅप्टरवर मात्र काही यंत्रे सुरूच होत नाहीत, आणि काही सुरू होऊन ताण येताच बंद पडतात. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो हा समज महाग पडतो.

पाच-सहाशे रुपयांत मिळणारे साधे डिजिटल मल्टिमीटर, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कोणत्याही दुकानात मिळेल, ते घरात असावे. ते डीसीच्या २०० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवावे, कारण २० चा पट्टा अपुरा पडू शकतो. काळी सुई पिनेच्या बाहेरच्या धातूला आणि लाल सुई आतल्या कडेला टेकवावी. दोन्ही सुया एकमेकींना लागू देऊ नयेत. लेबलवर १९.५ लिहिले असेल तर साधारण १८.५ ते २०.५ च्या दरम्यान आकडा येणे ठीक आहे. शून्य, दोन-तीन व्होल्ट, किंवा सतत वर-खाली होणारा आकडा आला तर अडॅप्टर गेला. आकडा बरोबर आला तरी तो पूर्णपणे निर्दोष ठरत नाही, कारण म्हातारा झालेला अडॅप्टर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार पडताच खाली बसतो. म्हणून खात्रीची तपासणी म्हणजे त्याच मॉडेलचा दुसरा चालता अडॅप्टर लावून पाहणे. वायर पिनेजवळ किंवा ठोकळ्याजवळ मोडलेली असेल तर ती हळूहळू वाकवत आकड्याकडे पाहावे. एखाद्या कोनात आकडा नाहीसा झाला की दोष सापडला.

डेलच्या आणि एचपीच्या अनेक गोल पिनांच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. ती वीज नेत नाही, अडॅप्टर कोणता व किती वॉटचा आहे ते लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी चार्ज करायचे नाकारतो. मग बॅटरी पूर्ण उतरते आणि एके दिवशी वीज गेली असताना "अचानक मेला" अशी तक्रार येते.

टाइप-सी चार्जिंगच्या यंत्रांचा प्रकार वेगळा आहे. त्यांच्या चार्जरमध्ये मीटरच्या सुया घालून काही कळत नाही, कारण लॅपटॉप आणि चार्जर यांचे आधी बोलणे झाल्याशिवाय तारेत व्होल्टेज येतच नाही. हे बोलणे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा ठरावीक पायऱ्यांवर होते, आणि लॅपटॉपला बहुधा २० लागतात. मोबाइलच्या खोक्यावर ८० वॉट लिहिलेले असले तरी ते पुष्कळदा त्या मोबाइलच्या स्वतःच्या पद्धतीपुरते असतात. लॅपटॉपला त्या चार्जरमधून त्याच्या काही अंशांइतकीच वीज मिळते. केबलही पाहावी लागते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटपर्यंतच वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल हवी. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दुसऱ्यातही लावून पाहावे, कारण पहिला पोर्ट झिजलेला असू शकतो.

नवा अडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि "आर" या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. वजनाने फारच हलका लागणारा ठोकळा मी स्वतः परत करतो.

साठलेली वीज काढून टाकणे

हा उपाय इतका साधा आहे की, सांगताना मला संकोच वाटतो, आणि तरीही चार्जिंगचा दिवा लागत असून बटणाला प्रतिसाद न देणाऱ्या यंत्रावर मी तो सर्वांत आधी करतो. अडॅप्टर काढावा. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, माउसचा डोंगल, एचडीएमआयची वायर, सर्व काही काढावे. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी. मग चालू करण्याचे बटण पूर्ण ३० सेकंद, घड्याळ लावून, दाबून धरावे. सोडल्यावर फक्त अडॅप्टर जोडावा, पाच मिनिटे थांबावे आणि बटण एकदा दाबावे.

हे का लागू पडते ते समजून घेतले तर मन लावून केले जाते. लॅपटॉपच्या बोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटी नियंत्रक चिप असते. बटण दाबले गेले का, झाकण मिटले का, बॅटरी किती आहे, पंखा किती फिरवायचा हे सर्व ती सांभाळते आणि लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. विजेचा झटका बसला, व्होल्टेज खाली-वर झाले किंवा यंत्र झोपेत असताना बॅटरी संपली की ही चिप अधेमधे अडकून बसते. मग तुमचे बटण दाबणे तिला ऐकूच येत नाही. सर्व वीज काढून घेतली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लेनोव्होच्या अनेक थिंकपॅड लॅपटॉपच्या तळाशी याच कामासाठी टाचणी जाईल एवढे भोक दिलेले असते. अडॅप्टर काढून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबावी आणि मिनिटभराने अडॅप्टर जोडावा. पेन ड्राइव्ह वगैरे काढायला सांगण्याचे कारण असे की, आतून शॉर्ट झालेला एक पेन ड्राइव्हसुद्धा आख्ख्या यंत्राला अडवून धरू शकतो.

बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर धीर धरावा

मे महिन्याच्या सुट्टीत कपाटात ठेवलेला लॅपटॉप जूनमध्ये उघडला आणि तो मेला, ही शाळा-महाविद्यालयांची नेहमीची तक्रार आहे. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा असतो आणि तो साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरीतले संरक्षण त्याला बाजूला करते. अशा बॅटरीला चार्जर आधी अगदी थेंबथेंब वीज देतो आणि त्या काळात दिवाही लागेलच असे नाही. म्हणून चालता अडॅप्टर लावून निदान एक तास लॅपटॉप तसाच ठेवावा आणि मगच निर्णय करावा. अगदी नवा कोरा लॅपटॉप खोक्यातून काढल्यावर सुरू होत नसेल तर घाबरू नये. वाहतुकीसाठी त्याची बॅटरी मुद्दाम झोपवलेली असते आणि अडॅप्टर जोडल्यावरच ती जागी होते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

इथे लॅपटॉप सुरू झालेला आहे आणि फक्त दिसत नाही, एवढे आधी मान्य करावे. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारावा. अंधुक चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेलेला आहे, किंवा बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल तुटत आली आहे. मदरबोर्ड बहुधा ठीक आहे. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर केबलचाच संशय घ्यावा. एचडीएमआयने दूरदर्शन संच जोडून पाहावा. तेथे चित्र आले तर यंत्र शाबूत आहे आणि माहितीची नक्कल लगेच करून घ्यावी. डेलच्या लॅपटॉपवर डी हे अक्षर दाबून धरून सुरू करण्याचे बटण दाबले तर पडदा एकामागून एक सपाट रंग दाखवतो. रंग नीट दिसले तर पडदा निर्दोष.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. झाकण मिटले हे लॅपटॉपला चुंबकावरून कळते. झाकणात चुंबक आणि खाली त्याला ओळखणारा संवेदक असतो. एका गृहस्थांचा लॅपटॉप त्यांच्या कार्यालयात सुरू होताच काळा पडे आणि माझ्याकडे व्यवस्थित चाले. तिसऱ्या खेपेला मी तो त्यांनाच वापरायला सांगितले, तेव्हा त्यांनी सवयीने चुंबकाच्या कव्हरचा मोबाइल कीबोर्डच्या डावीकडे ठेवला आणि पडदा मिटला. फी घ्यायला मला तोंड नव्हते.

दिव्यांची भाषा

यंत्र उघडण्यापूर्वी दिवा कसा लुकलुकतो ते मोजावे, किंवा मोबाइलवर त्याची चित्रफीत काढून ठेवावी. कंपन्यांनी बिघाडाचे संकेत या लुकलुकण्यात भरलेले असतात. डेलच्या अनेक यंत्रांत दोन पिवळे आणि तीन पांढरे ठोके आले तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी स्मृतीची पट्टी, सापडत नाही असा अर्थ होतो. एचपीच्या अनेक यंत्रांत तीन लांब आणि दोन आखूड ठोकेही रॅमकडेच बोट दाखवतात. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत हा तक्ता असतो.

बायोस, म्हणजे यंत्र सुरू करून देणारी बोर्डवरची मूळ आज्ञावली, अद्ययावत होत असताना वीज गेल्यावर यंत्र बंद पडले असेल तर आणखी एक प्रयत्न करण्यासारखा आहे. अडॅप्टर जोडलेला ठेवून एचपीवर विंडोज आणि बी ही दोन बटणे धरून सुरू करण्याचे बटण दोन-तीन सेकंद दाबावे. डेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून ठेवत अडॅप्टर जोडावा. आत राखून ठेवलेली बायोसची प्रत त्यामुळे परत बसू शकते.

यंत्र उघडायचे असेल तर

वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबावे आणि अधिकृत सेवा केंद्रात जावे. वॉरंटी संपली असेल, हात स्थिर असेल आणि तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी निघणारे असेल, तरच पुढे जावे. स्क्रू ज्या जागेवरून निघाले त्या जागी कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून टोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो बोर्डातून आरपार जातो. झाकण उचकटायला जुने एटीएम कार्ड वापरावे, पोलादी पाते वापरू नये. आत गेल्यावर सर्वांत पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढणे, आणि ते होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर साठणारी स्थिर वीज कोकणच्या दमट हवेत फारशी त्रास देत नाही. तरीही नळाच्या धातूला हात लावून मगच काम सुरू करावे.

बॅटरी सुटी ठेवून, झाकण मोकळेच ठेवून, फक्त अडॅप्टर जोडून बटण दाबून पाहावे. लॅपटॉप सुरू झाला तर दोष बॅटरीत आहे. मात्र काही मॉडेल बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे सुरू न झाल्यावरून काही सिद्ध होत नाही.

अडॅप्टर पुन्हा काढून रॅमकडे वळावे. दोन्ही बाजूंच्या खिट्या सरकवल्या की रॅमची पट्टी तिरकी वर येते. तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर हलकेच फिरवावा, चुरा मऊ ब्रशने पूर्ण झाडावा आणि पट्टी "खट्" असा आवाज येईपर्यंत परत बसवावी. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नये, त्याने सोन्याचा मुलामा निघतो. पाच रुपयांच्या या खोडरबराने कोकणात जेवढे लॅपटॉप जिवंत केले आहेत तेवढे माझ्या महागड्या हॉट एअर गनने केलेले नाहीत; खाऱ्या दमट हवेने दातांवर बारीक थर चढतो, आणि रॅम ओळखली गेली नाही की प्रोसेसर पुढे एक पाऊलही टाकत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून दोन्ही खोबणींत लावून पाहावी. खोबणीत मुंग्यांचे घर निघाले तर नवल मानू नये. डीडीआर-५ या नव्या पिढीची रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी घाईने बटण दाबून यंत्र बंद करू नये.

रॅमने काम झाले नाही तर एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, काढून पाहावी. ती काढल्यावर यंत्र सुरू होऊन डिस्क सापडत नसल्याचा संदेश दिसला, तर दोष एसएसडीतच आहे. आत ३ व्होल्टचा बटणसेल असेल तर तो दहा मिनिटे काढून ठेवावा. बटणाची पातळ पट्टी बोर्डवर नीट बसली आहे का तेही पाहावे; ज्या मॉडेलमध्ये चालू करण्याचे बटण कीबोर्डचाच भाग असते, त्यात कीबोर्ड बिघडला तरी सर्व यंत्र निर्जीव दिसते.

इथे थांबावे

एवढे करूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, पिन घालताच अडॅप्टरचा दिवा विझला, बोर्डवर हिरवा-पांढरा गंज दिसला, चार्जिंगचा जॅक आतून हलत असला, किंवा यंत्र सेकंदा-दोन सेकंदांत बंद पडत राहिले, तर पुढचे काम घरचे नाही. तेथे बोर्डवर कुठे किती व्होल्ट येतात ते मोजावे लागते, तांदळाच्या कणीएवढा शॉर्ट झालेला कपॅसिटर शोधून काढावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली झाळकाम करावे लागते. चित्रफीत पाहून घरच्या सोल्डरिंग आयर्नने प्रयत्न केलेला बोर्ड दुरुस्त करणे मूळ बिघाडापेक्षा कठीण होते, आणि अशा वेळी मी पुष्कळदा नकार देतो.

कारागिराला काय विचारावे हेही माहीत असावे. "मदरबोर्ड गेला" एवढेच उत्तर मिळाले तर कोणत्या भागात व्होल्टेज येत नाही, शॉर्ट नेमका कुठे आहे, हे विचारावे. ज्याने मोजले आहे तो सांगू शकतो. चिप नुसती गरम करून देतो असे कोणी म्हटले तर ते काम काही आठवड्यांपुरते टिकते असे समजून चालावे. खर्चाचा अंदाज कामाआधी लेखी घ्यावा आणि काढलेला सुटा भाग परत मागावा.

माहितीचा प्रश्न बोर्ड बदलण्यापूर्वी सोडवावा. विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क मालकाच्या नकळत बिटलॉकर या विंडोजच्याच सुरक्षा-सोयीने कुलूपबंद झालेली असते आणि त्या कुलपाची किल्ली जुन्या बोर्डशी बांधलेली असते. नवा बोर्ड बसताच ४८ अंकी क्रमांक मागितला जातो. तो बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून तो आधी शोधून लिहून ठेवावा. नव्या मॅकबुकमध्ये आणि काही सडपातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डवरच झाळलेली असते. तेथे बोर्ड बदलणे म्हणजे माहिती सोडून देणे, म्हणून तोच बोर्ड दुरुस्त करून देणारा कारागीर शोधावा लागतो.

दुकानात जाताना लॅपटॉपबरोबर त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि भिंतीपर्यंतची वायरही न्यावी, सुरुवातीला लक्षणे लिहिलेला कागद आणि दिव्याची चित्रफीत दाखवावी, आणि घरी काय काय करून पाहिले ते, चहा सांडल्याच्या गोष्टीसकट, खरे सांगावे.